दप्तर आणि वहिवाट : रोगांची जनुकविद्या व अरेषीय प्रकाशकी

रोगाचे कारण कळले म्हणजे रोग कळला, असा समज गेल्या शतकाच्या उत्तरार्धात वैद्यकामध्ये इतका दृढमूल झाला होता की, मनुष्याच्या पेशीतील आनुवंशिक मजकूर एकदा अथपासून इतिपर्यंत वाचून काढला म्हणजे निदान व उपचार यांचे काम केवळ अंमलबजावणीपुरते उरेल, अशी आशा जाणते शास्त्रज्ञही उघडपणे बोलून दाखवीत असत. तो मजकूर आज वाचून झाला आहे. काम मात्र अद्याप पुष्कळ उरले आहे. जमिनीच्या व्यवहारात ज्याने थोडेफार लक्ष घातले असेल त्याला याचे फारसे नवल वाटू नये. दप्तरातील नोंद एकाच्या नावे असते, प्रत्यक्ष वहिवाट दुसऱ्याचीच चालू असते, आणि दोहोंची रुजवात घेतल्याखेरीज कोणताही शहाणा कामगार निकालाचा कागद पुढे सरकवीत नाही. रोगांची जनुकविद्या हे शरीराचे दप्तर होय. पेशीत आणि ऊतीत या घटकेला प्रत्यक्ष काय चालले आहे ती वहिवाट होय. ही वहिवाट पाहण्याची जी साधने अलीकडे हाती आली, त्यांतील एक अतिशय सूक्ष्म साधन, वैद्यकाशी सुतराम संबंध नसलेल्या भौतिकशास्त्राच्या एका कोपऱ्यात, अरेषीय प्रकाशकी या नावाने जन्मास आले. या दोन विद्यांनी आजवर काय मिळविले, त्यांची गाठ कोठे पडली आणि त्यांच्या दाव्यांतील पक्के किती व कच्चे किती, याचा आढावा प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे.

जनुकविद्येचा आरंभ सिकलसेलपासून करणे सर्वथा उचित ठरेल. कारण रेणूच्या पातळीवर ज्याचे कारण प्रथम उलगडले असा रोग तोच. शिकागो येथील जेम्स हेरिक या वैद्याने १९१० साली विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशींचे वर्णन प्रसिद्ध केले. १९४९ साली लायनस पॉलिंग व त्याचे सहकारी यांनी असे दाखवून दिले की, या रुग्णांचे हीमोग्लोबिन विद्युत्क्षेत्रात निराळ्या गतीने सरकते, म्हणजेच दोष पेशीच्या आकारात नसून रेणूच्या घडणीत आहे. पुढे १९५६ साली केंब्रिजमध्ये व्हर्नन इन्ग्रॅम याने तो दोष नेमका हेरला : हीमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक अम्लाऐवजी व्हॅलीन येते, एवढीच काय ती चूक. जनुकाच्या भाषेत ती एका अक्षराची आहे. इतके निःसंदिग्ध कारण हाती असूनही त्या ज्ञानाच्या आधारे जनुकावरच इलाज करणारा उपचार शासनमान्य होण्यास २०२३ साल उजाडावे लागले. कारण कळणे आणि उपाय सापडणे यांत सदुसष्ट वर्षांचे अंतर का पडले, या एका प्रश्नात या विद्येची सारी कहाणी सामावलेली आहे.

मानवी जीनोमचा कच्चा मसुदा २००१ साली प्रसिद्ध झाला आणि २००३ साली काम पूर्ण झाल्याची घोषणाही झाली. तथापि वारंवार पुनरुक्त होणाऱ्या अक्षरांमुळे वाचता न आलेला सुमारे आठ टक्के भाग तसाच राहिला होता. तो भरून काढून सुमारे ३०५ कोटी अक्षरांचा सलग मजकूर २०२२ साली प्रसिद्ध झाला. या अफाट मजकुरात प्रथिने घडविणारी जनुके जेमतेम वीस हजार, आणि त्यांतील प्रथिनांच्या प्रत्यक्ष सूचनांनी व्यापलेली जागा दोन टक्क्यांच्या आतलीच. उरलेल्या प्रदेशात काय आहे हा प्रश्न प्रारंभी काहीशा उपेक्षेनेच टाळला गेला, आणि पुढे त्याच प्रदेशाने संशोधकांना सर्वांत अधिक काम लावले.

मधुमेह, हृद्रोग, संधिवात यांसारखे सर्वसामान्य रोग एका अक्षराच्या चुकीने होत नाहीत, हे पूर्वीपासून ठाऊक होतेच. म्हणून हजारो रुग्ण व हजारो निरोगी माणसे यांच्या जीनोममधील लाखो ठिकाणची अक्षरे ताडून पाहावयाची, आणि रुग्णांत जे अक्षर अधिक प्रमाणात आढळेल त्याच्या आसपास शोध घ्यावयाचा, अशी पद्धत रूढ झाली. २००५ साली वार्धक्यातील अंधत्वास कारण होणाऱ्या नेत्रपटलाच्या एका विकारात तिला पहिले ठळक यश लाभले. २००७ साली ब्रिटनमध्ये सात रोगांचे चौदा हजार रुग्ण आणि तीन हजार इतर माणसे यांची एकत्रित तुलना प्रसिद्ध झाली, आणि तेव्हापासून अशा पाहण्यांची रीघच लागली. त्यांतून निष्पन्न झालेल्या दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली ही की, सामान्य रोगाशी निगडित स्थाने शेकड्यांनी सापडतात आणि प्रत्येकाचा वाटा यत्किंचित असतो. दुसरी ही की, यांतील बहुसंख्य स्थाने जनुकांच्या बाहेर, त्यांच्यावर हुकमत चालविणाऱ्या प्रदेशात असतात; आणि ही हुकमत शेजारच्याच जनुकावर चालते असेही नव्हे. स्थूलतेशी निगडित म्हणून २००७ साली गाजलेले स्थान एफटीओ नावाच्या जनुकाच्या पोटात आहे. पण त्याचा अंमल बऱ्याच अंतरावरील दुसऱ्याच दोन जनुकांवर चालतो असे २०१५ साली दिसून आले. मधली आठ वर्षे अनेकांनी मुख्यत्वे एफटीओचाच पाठपुरावा केला, हे ध्यानात घेतले म्हणजे नुसत्या नोंदीवरून मालक ठरविण्यातील धोका उमगतो.

या पद्धतीचे सर्वांत सुंदर फळ पुन्हा सिकलसेलच्याच वाट्याला आले, आणि ते जरा जवळून पाहण्याजोगे आहे. या रोगाचा वारसा घेऊन जन्मलेली अर्भके पहिले काही महिने निरोगी का दिसतात, याचा विचार करताना जॅनेट वॉटसन या वैद्यविदुषीने १९४८ सालीच असे सुचविले होते की, गर्भावस्थेतील निराळे हीमोग्लोबिन त्यांचे रक्षण करीत असावे. जन्मानंतर काही महिन्यांत हे गर्भीय हीमोग्लोबिन बनणे बंद होते. क्वचित एखाद्या प्रौढात मात्र ते चालू राहते, आणि अशा रुग्णाचा रोग सौम्य असतो. हे बंद करण्याची कळ कोठे आहे हे कोणास ठाऊक नव्हते. २००७-०८ च्या सुमारास प्रौढांतील गर्भीय हीमोग्लोबिनच्या प्रमाणाची जीनोमभर पाहणी झाली, तेव्हा बोट रोखले गेले ते दुसऱ्या गुणसूत्रावरील बीसीएल११ए या जनुकाकडे. बॉस्टन येथे स्टुअर्ट ऑर्किन व त्यांचे सहकारी यांनी ते जनुक क्षीण करून पाहिले, आणि गर्भीय हीमोग्लोबिन पुन्हा बनू लागले. तथापि हे जनुक अन्य पेशींनाही लागते; सरसकट तोडणे धोक्याचे. २०१३ साली असे निष्पन्न झाले की, पाहणीत सापडलेली अक्षरे या जनुकाच्या अशा एका नियामक तुकड्यात आहेत, ज्याचे काम केवळ तांबड्या पेशींच्या वंशात चालते. तेवढाच तुकडा निकामी केला की अन्यत्र जनुक अबाधित राहते. क्रिस्पर ही रेणवीय कात्री जेनिफर डाउडना व इमॅन्युएल शारपाँतिए यांनी २०१२ साली सिद्ध केलेली होतीच. रुग्णाच्याच मूळ रक्तपेशी बाहेर काढावयाच्या, त्यांत हा छेद द्यावयाचा, तीव्र औषधाने अस्थिमज्जा रिकामी करावयाची आणि त्या पेशी परत सोडावयाच्या, या उपचाराला नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि डिसेंबरात अमेरिकेने परवानगी दिली. यात १९५६ साली सापडलेली मूळ चूक दुरुस्त होतच नाही. ती दप्तरात जशीच्या तशी राहते. दुरुस्त होते ती वहिवाट.

कोलेस्टेरॉलच्या बाबतीतही असेच घडले. पीसीएसके९ हे जनुक उपजतच निकामी असलेल्या माणसांना हृद्रोग फारच कमी होतो असे २००६ साली डॅलसच्या संशोधकांनी दाखविले, आणि त्या जनुकाच्या प्रथिनाला अडविणारी औषधे २०१५ साली बाजारात आली. २०२५ साली फिलाडेल्फिया येथे तर, रक्तात अमोनिया साचविणाऱ्या एका दुर्मिळ यकृतविकाराच्या एकाच अर्भकासाठी, त्याच्यापुरतेच जनुकसंपादनाचे औषध काही महिन्यांत तयार करून देण्यात आले.

परंतु हे दप्तर कोणाचे, हा प्रश्न येथे विचारलाच पाहिजे. जगातील अशा पाहण्यांत सहभागी झालेल्या माणसांपैकी युरोपीय वंशाची माणसे २००९ साली ९६ टक्के होती. २०१६ साली ती ८१ टक्क्यांवर आली, तीही मुख्यत्वे पूर्व आशियातील पाहण्यांमुळे. आपल्या उपखंडाचे दप्तर निराळे आहे याचा एक ठळक दाखला २००९ साली हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्रातील संशोधकांनी आपल्या सहकाऱ्यांसह पुढे आणला. हृदयस्नायूच्या एका प्रथिनाच्या जनुकातील पंचवीस अक्षरे गळाल्याने हृदय दुर्बल होण्याचा धोका वाढतो, आणि ही गळती दक्षिण आशियातील सुमारे चार टक्के लोकांत आढळते, असे त्यांनी दाखविले. केवळ युरोपीय जीनोम चाळून हा धोका कधीच सापडला नसता. २०२० साली आरंभलेल्या जीनोम-इंडिया या प्रकल्पात देशातील विविध समाजांतील सुमारे दहा हजार व्यक्तींचे जीनोम वाचून त्यांचा संग्रह जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांना खुला करण्यात आला. दीडशे कोटींच्या देशाला दहा हजार म्हणजे आरंभच, पण तो योग्य दिशेचा आहे. सिकलसेलचेही असेच. विदर्भात आणि नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात आढळणाऱ्या या रोगाच्या भारतीय वळणात गर्भीय हीमोग्लोबिनचे प्रमाण आफ्रिकेतील बहुतेक रुग्णांपेक्षा अधिक असते. म्हणून तो सरसकट सौम्य असतो असे मात्र नव्हे. नागपूरच्या रुग्णालयांतून वेदनेने तळमळणारी मुले ज्यांनी पाहिली आहेत ते तसे म्हणावयास धजणार नाहीत.

आता दुसऱ्या विद्येकडे वळू. सामान्य प्रकाश पदार्थातून जातो तेव्हा पदार्थाचा प्रतिसाद प्रकाशाच्या प्रमाणात असतो : प्रकाश दुप्पट तर प्रतिसाद दुप्पट, आणि तांबडा प्रकाश आत गेला तर तांबडाच बाहेर येतो. प्रकाश अतिशय तीव्र झाला म्हणजे हे सरळ प्रमाण मोडते. प्रतिसाद प्रकाशाच्या वर्गाच्या, घनाच्या प्रमाणात वाढू लागतो आणि नवे रंग उत्पन्न होतात. या प्रदेशाचे शास्त्र ते अरेषीय प्रकाशकी. एकच रेणू दोन फोटॉन एकाच क्षणी गिळू शकेल, असे भाकीत मारिया ग्योपर्ट-मायर या तरुणीने १९३१ साली गटिंगेन येथील आपल्या प्रबंधात केले होते. पण ते पडताळण्याइतका प्रखर प्रकाश पुढील तीस वर्षे कोणापाशीच नव्हता. १९६० साली थिओडोर मेमन याने माणकाचा पहिला लेसर पेटविला, आणि वर्षभरातच मिशिगन विद्यापीठात पीटर फ्रॅंकेन व सहकाऱ्यांनी त्याचा ६९४ नॅनोमीटरचा तांबडा झोत गारगोटीच्या स्फटिकातून पाठवून त्यातून नेमक्या निम्म्या तरंगलांबीचा, म्हणजे ३४७ नॅनोमीटरचा अदृश्य जंबुपार प्रकाश मिळविला. छायापट्टीवर त्याची खूण म्हणजे एक अतिसूक्ष्म ठिपका होता. आणि छपाईच्या वेळी तो ठिपका म्हणजे पट्टीवर पडलेला डाग असावा अशा समजुतीने पुसून टाकला गेला, त्यामुळे प्रसिद्ध झालेल्या चित्रातील बाण आजही रिकाम्या जागेकडेच बोट दाखवितो. पुढे निकोलास ब्लूमबर्गेन यांनी या साऱ्याची तात्त्विक बैठक घातली व १९८१ सालच्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी ठरले.

वैद्यकाला यांतील उपयोग उमगला तो १९९० साली. कॉर्नेल विद्यापीठात विनफ्रीड डेंक, जेम्स स्ट्रिकलर व वॅट वेब यांनी ग्योपर्ट-मायरच्या भाकिताचा सूक्ष्मदर्शक बनविला. दोन फोटॉन एकदम गिळले जाण्याची शक्यता तीव्रतेच्या वर्गाप्रमाणे बदलत असल्यामुळे, झोत जेथे एकवटतो त्या बिंदूपाशीच रेणू उजळतो. त्याच्या वर-खाली प्रकाश असूनही काही घडत नाही. त्यामुळे ऊतीचे काप न काढताही आतील एकेक पातळी स्वच्छ दिसते, आणि अवरक्त प्रकाश ऊतीत कमी विखुरला जात असल्याने खोलवर पाहता येते. जिवंत ऊती जळू नये म्हणून हा प्रकाश सलग न सोडता, सेकंदाचे दहा कोटी भाग करून त्यांतील एकाचे पुन्हा कोटी भाग केले असता जो काळ येईल, तशा काही शेकडा काळांच्या स्पंदांनी सोडतात. स्पंद प्रखर, पण सरासरी उष्णता बेताची. ऊतीतील कोलॅजेनचे तंतू तर फ्रॅंकेनच्या स्फटिकाप्रमाणे, कोणताही रंग न लावता, प्रकाशाची कंप्रता आपणहून दुप्पट करतात. या गुणाचा लाभ घेऊन विस्कॉन्सिनच्या संशोधकांनी असे दाखविले की, स्तनाच्या कर्करोगात गाठीच्या सीमेवरील तंतू जेव्हा सीमेला काटकोनात उभे राहतात तेव्हा रोगाचा पुढील प्रवास अधिक वाईट असतो. ही माहिती जनुकांच्या कोणत्याही यादीत नसते. ती शेजारपाजारच्या रचनेत असते.

दुसरा धागा आपल्याच देशातून निघतो. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२८ साली कलकत्त्यात शोधलेल्या परिणामात, रेणूवर आदळून विखुरणारा प्रकाश त्या रेणूच्या कंपनांची ओळख सांगतो. पण कोट्यवधी फोटॉनांतून एखादाच ही बातमी आणीत असल्याने त्याद्वारे चित्र काढणे अत्यंत मंदगतीचे काम होते. १९६२ साली लेसरच्या झोतात हाच परिणाम उद्दीपित करता येतो असे आढळले, आणि २००८ साली हार्वर्ड येथे सनी शी यांच्या प्रयोगशाळेने त्यावर आधारलेला सूक्ष्मदर्शक सिद्ध केला. दोन लेसर घ्यावयाचे. त्यांच्या कंप्रतांतील फरक रेणूतील विशिष्ट बंधाच्या कंपनाशी नेमका जुळवावयाचा. म्हणजे एका झोतातील ऊर्जा किंचित घटते व दुसऱ्याची वाढते, आणि हा जमाखर्च मोजला की तो बंध कोठे किती आहे याचा नकाशा मिळतो. चरबी व प्रथिने अशा रीतीने, रंगद्रव्यावाचून, निरनिराळी दिसतात.

या दोन्ही विद्यांची प्रत्यक्ष गाठ पडली ती मेंदूच्या शस्त्रक्रियागृहात. ग्लायोमा जातीची गाठ काढताना शल्यविशारदापुढे दोन प्रश्न असतात : ही गाठ कोणत्या प्रकारची, आणि ती कोठवर पसरली आहे? आजवर तुकडा गोठवून, त्याचे काप काढून, रंगवून पॅथॉलॉजिस्टने पाहीपर्यंत वीस-तीस मिनिटे जात, आणि तोवर कवटी उघडीच असे. दरम्यान २००८ साली अमेरिकेत बावीस रुग्णांच्या गाठींतील वीस हजारांवर जनुके वाचली गेली, तेव्हा आयडीएच१ या जनुकातील एका ठरावीक चुकीकडे प्रथमच लक्ष गेले. ही चूक असलेले रुग्ण अधिक काळ जगतात, आणि त्यांच्या पेशीत एक विजातीय अम्ल साठत जाते, असे पुढे दिसले. जागतिक आरोग्य संघटनेने गाठींचे वर्गीकरणच या आधारावर बदलले. आणि या दूषित प्रथिनाला अडविणारे व्होरासिडेनिब हे औषध ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. परंतु जनुकाचा अहवाल शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांनी, कधी आठवड्यांनी येतो, तो टेबलावरच्या निर्णयाला काय कामाचा? मिशिगन येथील गटाने उद्दीपित रामन सूक्ष्मदर्शक शस्त्रक्रियागृहाशेजारी आणला. २०२० साली त्यांनी दाखविले की, ताज्या तुकड्याचे चित्र आणि संगणकाचे निदान अडीच मिनिटांच्या आत मिळते व त्याची अचूकता पारंपरिक पद्धतीच्या तोडीची असते. २०२३ साली त्याच चित्रावरून, एकही अक्षर न वाचता, आयडीएचसह तीन जनुकीय बदलांचा अदमास सुमारे ९३ टक्के अचूकतेने दीड मिनिटात बांधला गेला. २०२४ साली गाठीचा मागे राहिलेला अंश दहा सेकंदांत हुडकण्याची पद्धत प्रसिद्ध झाली. धोक्याचा अंश नजरेतून निसटण्याचे प्रमाण नेहमीच्या साधनांनी सुमारे २५ टक्के, तर हिने सुमारे ४ टक्के असे त्यात आढळले.

येथे दोन हरकती नोंदविणे आवश्यक आहे. यंत्राने जनुक पाहिलेले नसते. जनुकातील चुकीमुळे पेशींची जी ठेवण बदलते ती ओळखून त्याने अनुमान काढलेले असते, आणि शंभरातील सात अनुमाने चुकीची असतील तर अंतिम खातरजमा अक्षरे वाचूनच करावी लागेल. दुसरे असे की, ज्या रुग्णालयांतील चित्रांवर यंत्र शिकले तेथील रुग्ण आणि आपल्या रुग्णालयांतील रुग्ण यांत भेद असल्यास, जीनोमच्या दप्तरात जो पक्षपात शिरला तोच चित्रांच्या दप्तरातही शिरणार. शिवाय ऊतीत हा प्रकाश मिलिमीटरच्या आसपासच पोहोचतो. शरीराच्या खोल भागात तो आपणहून डोकावू शकत नाही.

महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर तंबाखूमुळे होणारा तोंडाचा कर्करोग हे या जोडविद्येचे स्वाभाविक क्षेत्र ठरावे. गालाच्या आतील व हिरड्यांच्या या कर्करोगाची जनुके बंगालमधील कल्याणी येथील जीनोमिकी संस्था व खारघरचे टाटा स्मारक केंद्राचे संशोधनालय यांनी मिळून वाचली आणि त्यांचा वृत्तांत २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्याच खारघरला रामन परिणामाच्या साध्या, अनुद्दीपित रूपाने रुग्णाच्या तोंडाची तपासणी करण्याचे प्रयोगही झाले आहेत. तोंड उघडले की रोगाची जागा प्रकाशाच्या टप्प्यात येते, चिरण्याची आवश्यकता नसते. म्हणून मेंदूसाठी परदेशात जे झाले ते येथे गालासाठी करणे अशक्य मुळीच नाही. हवे आहेत ते आपल्याच रुग्णांच्या चित्रांचे व अक्षरांचे, एकमेकांशी जोडलेले संग्रह.

या साऱ्याचा जमाखर्च मांडताना मला असे वाटते की, दप्तर वाचण्याचे काम आता दुय्यम झाले आहे. वाचन स्वस्त होत चालले आहे आणि ते होतच राहील. कठीण काम आहे ते नोंद व वहिवाट यांची रुजवात घेण्याचे, आणि घेतलेल्या रुजवातीचा लाभ पैसे नसलेल्या माणसापर्यंत नेण्याचे. सिकलसेलचा नवा उपचार अमेरिकेत २२ लाख डॉलरांना पडतो. दुसरीकडे, जुलै २०२३ मध्ये मध्य प्रदेशातील शहडोल येथून आरंभलेल्या राष्ट्रीय मोहिमेत सात कोटी माणसांची रक्ततपासणी करून २०४७ पर्यंत रोग आटोक्यात आणण्याचा संकल्प आहे, आणि त्या मोहिमेचा भार विद्राव्यतेची साधी चाचणी, ‘एएस पॅटर्न’ (केवळ वाहक) की ‘एसएस पॅटर्न’ (रुग्ण) याची नोंद, विवाहपूर्व समुपदेशन व हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या यांवर आहे. यांपैकी एकाला विज्ञान आणि दुसऱ्याला केवळ सरकारी कारभार म्हणणे हा अन्याय होईल. दिल्लीच्या जीनोमिकी संस्थेत देशी क्रिस्पर-उपचाराचे जे प्रयत्न चालू आहेत त्यांचे मोलही अखेर याच मापाने ठरणार. एका अक्षराची चूक सापडल्यापासून इलाज मिळेपर्यंत सदुसष्ट वर्षे गेली, आणि तो इलाजही अजून गडचिरोलीला पोहोचलेला नाही. पुढील रोगाच्या बाबतीत ही दोन्ही अंतरे किती तुटतात, यावरच या दोन विद्यांच्या यशाचा हिशेब करावा लागेल.